रेडिओ निवेदकांच्या आवडत्या जॅझ अल्बमांच्या याद्या गांभीर्याने का घ्याव्यात?

अनुनाद (कोथरूड)

मंद्रसप्तक यांनी परवा दुसऱ्या एका चर्चेत लिहिले होते की, अमेरिकेतील जॅझ केंद्रांचे निवेदक वर्षअखेरीस आपल्या आवडत्या अल्बमांची जी यादी देतात, ती रेकॉर्ड कंपन्यांनी फुकट पाठवलेल्या मालाची पोचपावती असते; शिवाय १९६५नंतर जॅझमध्ये ऐकण्याजोगे काही घडलेलेच नसल्यामुळे अशी यादी वाचण्यात वेळ घालवू नये. ही दोन्ही विधाने मला इतकी अन्यायकारक वाटली की, दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

समीक्षक एखादा अल्बम घरी बसून काही वेळा ऐकतो, परीक्षण लिहितो आणि पुढच्या अल्बमकडे वळतो. निवेदकाला मात्र तोच अल्बम वर्षभर, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या संगतीत वाजवावा लागतो. एखाद्या नव्या पियानो-त्रयीचे वादन नामवंत पियानोवादक बिल एव्हन्सच्या ध्वनिमुद्रणाला लागून वाजवले, की ते टिकते की विरून जाते हे त्याला तत्काळ कळते, आणि ज्या रचनेचे फेब्रुवारीत कौतुक वाटले ती ऑक्टोबरात पुन्हा लावावीशी वाटते का, याचेही उत्तर त्याला मिळालेले असते. डिसेंबरात त्याच्या यादीत जे अल्बम उरतात, ते अशा सहवासातून तावून सुलाखून निघालेले असतात. ही पारख समीक्षकाच्या पारखीपेक्षा वेगळी आहे आणि माझ्या मते अनेकदा अधिक विश्वासार्ह आहे.

१९६५चे म्हणाल, तर ॲलिस कोल्ट्रेन यांचा ‘जर्नी इन सच्चिदानंद’ १९७१चा आहे. चार्ल्स लॉइड, झाकीर हुसेन आणि एरिक हारलंड यांचा ‘संगम’ २००६चा आहे. लॉइड यांचा जन्म १५ मार्च १९३८चा. २०२४ साली आपल्या ८६व्या वाढदिवशी त्यांनी ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’ हा दुहेरी अल्बम प्रकाशित केला. तो ऐकून जर कोणी म्हणणार असेल की या संगीतात साठ वर्षांत काही घडले नाही, तर त्याने तो पूर्ण ऐकलेला नाही, असेच मी म्हणेन.

मंद्रसप्तक (प्रभात रस्ता)

निवेदक अप्रामाणिक असतात असे मी कोठेही म्हटलेले नाही. माझा आक्षेप व्यवस्थेवर आहे. कंपन्या आणि त्यांनी नेमलेले प्रसिद्धीचे लोक केंद्रांकडे अल्बम पाठवतात, पाठपुरावा करतात, कोणत्या केंद्रावर काय किती वेळा वाजले याच्या साप्ताहिक क्रमवाऱ्या निघतात, आणि ज्या अल्बमामागे असा पाठपुरावा नसतो तो बहुतेक वेळा निवेदकाच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. अनुनाद ज्या सहवासाचा गौरव करतात, त्या सहवासाची संधी कोणाला मिळावी हे आधीच ठरलेले असते. त्यात भर अशी की, अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर वाजलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल संगीतकाराला मानधन मिळते, पण ते वाजवणाऱ्या कलावंताला कायद्याने काहीही मिळत नाही. वर्षभर ज्याचे वादन विनामूल्य वापरले, त्याचे नाव डिसेंबरात यादीत घातल्याने ते ऋण फिटते असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झाले. त्याचे चार भाग सलग ऐकायला सुमारे ३३ मिनिटे लागतात आणि ते सलगच ऐकायचे असते. सकाळच्या कार्यक्रमात कोणता निवेदक ते सलग लावील? तो पहिला भाग लावून पुढे जाईल. पाच-सहा मिनिटांत बसेल तेच वाजते, आणि जे वाजते तेच यादीत येते. ज्या शहरात लोक थंडीत शाल गुंडाळून रात्री उशिरापर्यंत एकच राग उलगडताना ऐकतात, त्या शहरातील रसिकाने असल्या तुकड्यांच्या यादीवर विसंबावे याचे मला वाईट वाटते.

आणि १९६५बद्दल: २०१८ साली जॅझच्या जगात सर्वाधिक चर्चा झाली ती जॉन कोल्ट्रेनच्याच ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ची. ते ध्वनिमुद्रण ६ मार्च १९६३चे आहे.

निशाचर (हिंजवडी)

मी या विषयातील जाणकार नाही. कामाच्या वेळा अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे असल्याने गेली काही वर्षे न्यूअर्कचे डब्ल्यूबीजीओ आणि न्यू ऑर्लीन्सचे डब्ल्यूडब्ल्यूओझेड ही केंद्रे इंटरनेटवरून ऐकतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, त्यामुळे त्यांची सकाळ ही माझ्या कामाची सुरुवात असते.

मंद्रसप्तक म्हणतात तशी व्यवस्था असेलही. पण मला या निवेदकांनी एक गोष्ट शिकवली, जी कोणत्याही पुस्तकाने शिकवली नव्हती. रचना संपल्यावर चांगला निवेदक प्रत्येक वादकाचे नाव सांगतो: ड्रम्सवर कोण होते, बासवर कोण होते, मध्ये ज्याचे एकल वादन झाले तो कोण. हळूहळू आपला कान बासवादकाला वेगळे काढू लागतो. वडील आजारी असताना मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्रभर हेच ऐकत बसत असे, आणि त्या नावांचा मला जो आधार वाटला तो शब्दांत सांगता येणार नाही. ज्यांनी मला ऐकायला शिकवले, त्यांची यादी मी का वाचू नये?

लष्करवासी (कॅम्प)

निशाचर यांनी नकळत माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. माझे वडील ट्रंपेट वाजवत. आमचे घराणे मूळचे गोव्याचे. वडील लष्कर भागातील बँडमध्ये शिकले आणि पुढे ध्वनिमुद्रणांसाठी पुण्याहून मुंबईला जाऊ लागले. त्यांनी वाजवलेली गाणी रेडिओवर लागत, तेव्हा चित्रपटाचे नाव सांगितले जाई, गायकाचे, गीतकाराचे, संगीतकाराचे नाव सांगितले जाई आणि पुढचे गाणे सुरू होई. ज्या ट्रंपेटने त्या गाण्याची सुरुवात होते तो कोणी वाजवला, हे एकाही निवेदकाने कधी सांगितले नाही. वडील रेडिओजवळ बसून ऐकत आणि काही न बोलता उठून जात.

टेडी वेदरफोर्डसारखे अमेरिकी कृष्णवर्णीय वादक १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होते. त्यांच्या सहवासात आणि त्यांच्या तबकड्या ऐकून गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली: चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. हिंदी चित्रपटसंगीतात जे जॅझ आहे ते यांचे आहे. सी. रामचंद्र यांच्या गाण्यांवर महाराष्ट्र नाचला, पण त्या नाचामागचे पितळी वाद्यांचे काम कोणाचे, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही. परदेशी निवेदकांच्या याद्यांवर वाद घालण्याआधी आपल्या निवेदकांनी साठ-सत्तर वर्षे जी नावे गाळली, त्यांच्याबद्दल बोला.

नारायण पेठ

लष्करवासी यांच्या वडिलांबद्दल आदर ठेवूनही हे खपवून घेता येणार नाही. हिंदी चित्रपटसंगीतातील जॅझ ‘यांचे’ आहे म्हणजे काय? अण्णांनी, म्हणजे सी. रामचंद्र चितळकरांनी, चाली बांधल्या त्या काय दुसऱ्याने वाजवलेल्या तुकड्यांवर? १९५१च्या ‘अलबेला’तील ‘शोला जो भडके’ आणि १९५७च्या ‘आशा’तील ‘ईना मीना डीका’ यांतील चालींची फेक, शब्दांचा खेळ आणि लयीचा अवखळपणा हा चितळकरांचाच आहे. पुणतांब्याच्या एका मराठी माणसाने परका ठेका पचवून तो आपल्या मातीत रुजवला याचा अभिमान बाळगायचे सोडून, श्रेय काढून घेण्याची ही कसली हौस? वाद्यवृंदात कोणी ना कोणी वाजवणारच. म्हणून रचना त्याची होत नाही.

लष्करवासी (कॅम्प)

“कोणी ना कोणी वाजवणारच” हे वाक्य आपण पुन्हा एकदा वाचावे. मी अण्णांची चाल काढून घेतलेली नाही. वाद्यमेळाची मांडणी करणे, कोठे सॅक्सोफोन बोलेल आणि कोठे ट्रंपेट उत्तर देईल हे कागदावर स्वरलिपीत लिहिणे, हे रचनेचेच काम आहे, आणि ते ज्यांनी केले त्यांना श्रेयनामावलीत फार तर ‘सहायक’ म्हणून जागा मिळाली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील वाद्यमेळाचा भरगच्च नाद सेबॅस्टियन डिसोझांच्या लेखणीतून उतरला, हे आज सर्वमान्य आहे. त्या काळात किती श्रोत्यांना ते नाव माहीत होते? आपल्याला मराठी माणसाचा अभिमान आहे तसा मला माझ्या वडिलांचा आहे, आणि तेही याच शहरात मराठी बोलत वाढले. त्यांना ‘कोणी ना कोणी’ म्हणवून घेण्यासाठी मी येथे आलेलो नाही.

नारायण पेठ

ते वाक्य कठोर झाले असेल. तरी एवढे नोंदवतो की, चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक ‘अलबेला’त प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. त्या काळात पडद्यामागच्या वादकाला असा मान देणारे फार थोडे होते. रेडिओवर वादकांची नावे सांगायला हवी होती, हे मान्य करायला मला अडचण नाही. चालीबद्दलचे माझे मत कायम आहे.

जुना श्रोता (डेक्कन)

हा वाद महत्त्वाचा आहे, परंतु मूळ प्रश्न निवेदकाच्या पारखीचा होता, म्हणून मी त्याकडे वळतो. माझ्या पिढीतील ज्या थोड्या पुणेकरांना जॅझची गोडी लागली, त्यांना ती प्रामुख्याने विलिस कोनोव्हर यांच्यामुळे लागली. १९५५पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर त्यांचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवर येत असे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनाही समजावे म्हणून ते प्रत्येक शब्द सावकाश आणि सुटा उच्चारत. खरखर इतकी असे की ड्रम्सची किणकिण आणि हवेचा आवाज यांतला फरक कळत नसे, तरीही आम्ही रेडिओला कान लावून बसत असू. या माणसाला पूर्व युरोपपासून भारतापर्यंत अगणित श्रोते होते, आणि त्याच्या स्वतःच्या देशात मात्र त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते, कारण हे प्रसारण अमेरिकेतील श्रोत्यांसाठी करण्यास तेथील कायद्याने मनाई होती. मंद्रसप्तक, सरकारी केंद्राचा निवेदक असूनही त्याची निवड उत्तमच होती. व्यवस्था दूषित असली तरी कान दूषित होतोच असे नाही.

आणखी एक. आपल्याकडे रेडिओवरील बिनाका गीतमालेच्या वार्षिक क्रमवारीची लोक डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत. अमीन सयानींचा आवाज त्यात होता, पण क्रमवारी त्यांच्या आवडीची नव्हती. तबकड्यांची विक्री आणि श्रोतासंघांची पत्रे यांवरून ती ठरत असे. सयानींना स्वतःला त्या वर्षी कोणते गाणे मनापासून आवडले, हे त्या क्रमवारीतून आपल्याला कधीच कळले नाही. जॅझ निवेदकाच्या यादीत तेच तर कळते.

मंद्रसप्तक (प्रभात रस्ता)

कोनोव्हर यांच्याबद्दल मी वाद घालणार नाही. परंतु एका असामान्य माणसावरून नियम काढू नये. लांबीच्या मुद्द्याला अजून कोणीही उत्तर दिलेले नाही, ही गोष्ट लक्षात आणून देतो.

अनुनाद (कोथरूड)

लांबीच्या मुद्द्याला उत्तर देतो, आणि ते आपल्याच परंपरेतून देतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ गतीच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक काही मावत नव्हते. ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही त्यांची झिंझोटीतील ठुमरी अशाच एका तबकडीवरची. ती दुकानात ऐकून लहानग्या भीमसेनला गाण्याचा ध्यास लागला आणि पुढे तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो तुकडाच होता. त्या तुकड्याने पूर्ण मैफिलीची भूक निर्माण केली, आणि आपण ज्या महोत्सवाला शाल घेऊन जाता तो त्याच भीमसेनजींनी आपल्या गुरूच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मृतीसाठी उभा केला. सकाळच्या कार्यक्रमात ‘अ लव्ह सुप्रीम’चा पहिला भाग ऐकून एखाद्याने संध्याकाळी उरलेले तीन भाग शोधून ऐकले, तर निवेदकाने त्या संगीताचा अपमान केला असे कसे म्हणता येईल?

तुकड्यांपलीकडे जाणारे निवेदकही आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावर फिल शाप यांनी १९८१पासून पुढे चार दशके केवळ चार्ली पार्कर या एका वादकावर सकाळचा कार्यक्रम चालवला, आणि एकेका ध्वनिमुद्रणाची तारीख, जागा, वादक यांबद्दल ते इतके विस्ताराने बोलत की काही श्रोते कंटाळत. आपण उल्लेखिलेल्या २०१८च्या अल्बमबद्दल म्हणाल, तर फ्रान्सिस डेव्हिस यांनी २००६ साली सुरू केलेल्या समीक्षकांच्या वार्षिक कौलात जुन्या ध्वनिमुद्रणांचा विभागच वेगळा ठेवलेला असतो. जुना ठेवा सापडला म्हणून नवे काम थांबले, असे त्यातून सिद्ध होत नाही.

मंद्रसप्तक (प्रभात रस्ता)

भीमसेनजींना मध्ये आणल्यावर मला बोलायला जागा राहत नाही, हे अनुनाद यांना ठाऊक होते. ठीक आहे. जो निवेदक वादकांची नावे सांगतो आणि निदान रात्रीच्या वेळी तरी पूर्ण रचना लावतो, त्याची यादी मी वाचीन. कंपन्यांच्या पाठपुराव्याबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेतलेला नाही, आणि १९६५बद्दलचे माझे मत एका दुहेरी अल्बमाने बदलेल अशी आशा कोणी ठेवू नये. लॉइड यांचा तो अल्बम मी एका बैठकीत ऐकेन आणि माझे आक्षेप येथे लिहीन. दुसरे काही सुचवायचे असेल तर तेही सांगा.

लष्करवासी (कॅम्प)

सुचवताना वादकांची नावे सोडू नका, एवढीच विनंती.

अनुनाद (कोथरूड)

‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’: चार्ल्स लॉइड सॅक्सोफोन आणि बासरी, जेसन मोरन पियानो, लॅरी ग्रेनेडिअर बास, ब्रायन ब्लेड ड्रम्स. लांबी दीड तासाच्या आसपास आहे. मध्ये थांबू नये.

‘कम्पॅशन’, २०२४: विजय अय्यर पियानो, लिंडा मे हान ओह बास, टायशॉन सोरी ड्रम्स. यात प्रथम पियानोकडे लक्ष न देता सोरी यांच्या लयीकडे द्यावे. लय मोडली असे वाटत असताना ती आतून चालू असते, आणि ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला ते चटकन कळेल असा माझा विश्वास आहे.