शब्दचर्चा : ‘देवाला भिऊन’ यातलं भय कोणतं?

प्रश्न (मिरज, जि. सांगली)
बायबलमधल्या नीतिसूत्रे 9:10 (अध्याय 9, वचन 10) मध्ये परमेश्वराचं भय हा शहाणपणाचा आरंभ म्हटला आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं म्हणतात, ‘भय’ काढा, ‘आदर’ घाला. प्रेम करणाऱ्या देवाला भ्यायचं कशाला? मला ‘आदर’ तोकडा वाटतो. आदर आपण सभेच्या पाहुण्यांचाही करतो. मग काय म्हणावं? धाक, भीड, वचक?

प्रतिसाद (सातारा)
ताई, वचक सोडूनच द्या. तो फौजदाराचा, फौजदार गेला की माणूस मोकळा. भीड तर भिकेची बहीण, भिडेपोटी आपण नको त्याला हो म्हणतो. धाक त्यातल्या त्यात जवळचा. मूळ हिब्रू शब्द ‘यिरआ’. त्याच धातूचं क्रियापद बायबलच्याच लेवीय या पुस्तकात 19:3 मध्ये आईबापांसाठी आलं आहे, आणि तिथे आईचं नाव आधी आहे.

पण खरा अर्थ उलगडतो तो त्याच अध्यायाच्या 14व्या वचनात. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, आपल्या देवाचं भय बाळगा. बहिऱ्याला ऐकू येत नाही, आंधळ्याला दिसत नाही. जाब विचारणारं तिथे कुणीच नाही, तरी जीभ आणि हात आवरतो, तो या भयाने. पुढे 36व्या वचनात खरा तराजू आणि खरी वजनं येतात. सांगलीच्या हळदीच्या बाजारात शेतकरी एखाद्या मापाड्याला ‘देवाला भिऊन वागणारा माणूस’ म्हणतो, तेव्हा तो मापाडी चळचळा कापत असतो असं कुणी समजत नाही. आपली पाठ फिरली तरी हा मापात पाप करणार नाही, एवढा भरवसा त्यात असतो. ‘आदर’ या शब्दात हा भरवसा मावत नाही.

प्रतिसाद (कराड)
मला हे पटायला जड जातं. गीतेच्या 16व्या अध्यायात दैवी संपत्तीची गणती सुरू होते तीच ‘अभय’ या गुणापासून. आमचा देव अभय देणारा. भित्र्या मनात शहाणपण रुजेल कसं?

प्रतिसाद (सातारा)
दादा, बायबलमधलं निर्गम 20:20 पाहा. सीनाय डोंगर धुमसतोय, गडगडाट होतोय, लोक लांब उभे आहेत. त्यांचा पुढारी मोशे त्यांना सांगतो, भिऊ नका. आणि त्याच दमात सांगतो, तुम्ही पाप करू नये म्हणून देवाचं भय तुमच्यापुढे असावं. दोन्हीकडे धातू एकच. पळायला लावणारं भय टाकायचं, आवरणारं भय धरायचं. तुमच्या अभयाशी याचं वैर नाही. आपल्याकडेही नुसतं ‘भीरू’ म्हणजे भित्रा, पण ‘पापभीरू’ म्हणजे सज्जन.

प्रश्नकर्ती
आणि ‘शहाणपण’ बरोबर आहे ना? नीतिसूत्रे 1:7 मध्ये ‘ज्ञान’ आहे.

प्रतिसाद (सातारा)
1:7 मध्ये मूळ शब्दच वेगळा आहे, ‘दाअत’. 9:10 मधला ‘होखमा’. निर्गम 31 मध्ये सोन्या-रुप्याचं, पितळेचं काम करणाऱ्या बसालेलला देव हीच होखमा देतो. पुस्तकी ज्ञानापेक्षा तो शब्द कसबाच्या जवळचा. ‘शहाणपण’ ठेवा.

प्रश्नकर्ती
मग ‘भय’ही राहू दे. मुलांना आधी लेवीयचा 19वा अध्याय वाचायला देते.