बर्लिन बचावाने डावातला जीव घेतला का?

उंटावरचा शहाणा: काल पुन्हा बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा २००० सालचा लंडनचा सामना लावून बसलो. पांढरी मोहरी तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारॉव्हकडे, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. आता काहीतरी पेटणार म्हणून सरसावून बसावं, तर आठव्या चालीला वजिरावजिरी, दोघांचेही वजीर पटाबाहेर! आव्हानवीर क्रॅमनिकने काळ्या मोहऱ्यांनी हा बचाव, म्हणजे बर्लिन, चारदा खेळला, चारही डाव बरोबरीत. तेरावा तर १४ चालींत आटोपला. जगज्जेतेपद असं भिंत बांधून मिळवायचं?

अडीच घरं: नुसत्या भिंतीने सामना जिंकता येत नाही हो. दुसरा आणि दहावा डाव क्रॅमनिकने पांढऱ्याने मारला, म्हणून साडेआठ-साडेसहा. आणि ती स्थिती नीट बघा तरी. काळ्याचा राजा मधोमध डी८ घरावर उघडा, किल्लेकोट (राजाला हत्तीआड सुरक्षित नेणारी चाल) गेला, सी या उभ्या पट्टीत प्याद्यावर प्यादं. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी, काळ्याची तीन. बाकी सगळी मोहरी उचलून ठेवली तर पांढरा जिंकतो! काळ्याच्या हाती काय, तर दोन उंट. तेवढ्यावर कास्पारॉव्हला थोपवायचं, हे रटाळ?

रविवारचा मास्तर: मधेच बोलतो. माझ्याकडचा दहा वर्षांचा एक पोरगा म्हणाला, "सर, बर्लिन शिकवा, हरायचंच नाही." नको म्हटलं तरी स्पर्धेत खेळला. राजा मधोमध अडकला, दोन हत्ती आत आले, रडत घरी.

उंटावरचा शहाणा: पोराचं सोडा, मोठ्यांचं बोला.

अडीच घरं: मोठ्यांचंच घ्या. जगज्जेतेपदाचा सामना, सोची, २०१४, अकरावा डाव. कार्लसन पांढरा, आनंदचा बर्लिन. वजीर केव्हाच गेलेले, तरी आनंदने प्यादं बी५ वर रेटून डाव पेटवला. मग २७व्या चालीला हत्ती बी४ वर नेऊन उंटाच्या बदल्यात दिला, तिथे घसरला. ४५ चालींत डाव गेला आणि सामनाही, साडेसहा-साडेचार. आमच्याकडे त्या संध्याकाळी कुणाला जेवण गेलं नाही.

उंटावरचा शहाणा: तो डाव मलाही लागला. पण मला सांगा, एवढी चव असेल तर पांढरे चौथ्या चालीला डी३ (वजिरापुढचं प्यादं एकच घर पुढे) खेळून पळतात कशाला?

अडीच घरं: पळू देत की! डी३ ला वजीर पटावर राहतात, दोघांचे किल्लेकोट होतात, लांबलचक झुंज होते. तुम्हाला हवी ती मजा बर्लिनमुळेच परत आली.

उंटावरचा शहाणा: वळसा घालून जाणाऱ्याचं श्रेय भिंतीला द्यायचं? वा!