न्यू जर्सीचं जजमेंट आहे, रूममेट टेक्ससला पळाला, पगारातून वसुली होते का?

एडिसनकर
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा प्लीज. एडिसनला एका मुलाबरोबर दीड वर्ष अपार्टमेंट शेअर केलं, लीज माझ्या एकट्याच्या नावावर, शेवटचे चार महिने त्याने भाडं दिलंच नाही, आज देतो उद्या देतो करत एक दिवस मी ऑफिसला असताना सामान उचलून गेला. मी स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट) केस टाकली (इथे ५,००० डॉलरपर्यंत चालते), तो तारखेला आलाच नाही आणि ४,२०० डॉलरचं जजमेंट, म्हणजे कोर्टाचा निकाल, मला मिळाला. मला वाटलं झालं काम, पण वसुली आपली आपणच करायची असते म्हणे. आता तो डॅलसजवळ चांगल्या नोकरीला आहे असं कळलंय. तिथल्या पगाराला इथून हात घालता येतो का? भाडं मी माझ्या सेव्हिंगमधून भरलंय हो, सोडून द्यायची अजिबात इच्छा नाही.

डॅलसवासी
पगाराचं विसरा. टेक्ससच्या राज्यघटनेतच लिहिलंय (कलम १६, सेक्शन २८) की चालू पगार जप्त करता येणार नाही, अपवाद मुलांचा खर्च आणि जोडीदाराची पोटगी एवढाच. फेडरल कायदा हातात येणाऱ्या पगाराच्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत परवानगी देतो पण राज्य त्याहून कडक असू शकतं, आणि इथे ते आहेच.
पण म्हणून जजमेंट फुकट गेलं असं नाही!! एका राज्याचं जजमेंट दुसऱ्याने मानायचं हे अमेरिकेच्या घटनेतच आहे. न्यू जर्सी कोर्टाकडून ऑथेंटिकेटेड कॉपी घ्या, दोघांचे शेवटचे माहीत असलेले पत्ते देऊन ॲफिडेव्हिट करा आणि इथल्या कोर्टात फाइल करा, मग ते टेक्ससचंच जजमेंट धरतात. त्यानंतर बँक अकाउंटवर गार्निशमेंट (कोर्टाच्या ऑर्डरने तिथले पैसे जप्त करणं) मागता येतं, कारण पगार एकदा अकाउंटला जमा झाला की ते पगाराचं संरक्षण राहत नाही. तो भाड्याचा वाद परत उकरून काढू शकणार नाही, पण समन्स मिळालंच नव्हतं असं म्हणू शकतो, तुमचं जजमेंट तो गैरहजर असताना झालंय ना, म्हणून समन्स बजावल्याचे कागद आधी नीट बघून ठेवा.

मंजू_न्यूजर्सी
माझा अनुभव ओहायोचा. आमच्या एका कार्यक्रमाचा ॲडव्हान्स बुडवून एक जण कोलंबसला गेला होता. तिथे पगारातून कापता येतं, पण आधी त्याला नोटीस पाठवावी लागते आणि त्यानंतर किमान १५ दिवस थांबावं लागतं (४५ च्या आत अर्जही करायचा), हे मला माहीत नव्हतं आणि पहिला अर्ज परत आला, खूप रडू आलं होतं तेव्हा. दुसऱ्यांदा नीट केलं. ऑर्डर कंपनीच्या पेरोलला गेली, ते कापून कोर्टात भरायचे आणि कोर्टाकडून मला चेक यायचा. सगळे पैसे यायला वर्ष लागलं पण आले. दादा, राज्य बदललं की नियम बदलतात, त्यामुळे तो राहतो कुठे आणि पगार नेमका कुठून निघतो दोन्ही आधी पक्कं करा.

सबुरी
त्याच्या मॅनेजरला किंवा एचआरला मेल टाकायचा मोह होईल, टाकू नका. कोर्टाची ऑर्डर हातात नसताना कंपनीला कळवून पैसा येत नाही, उलट तुमच्यावरच काही शेकायचं. तोच वेळ त्याची बँक शोधण्यात घाला. त्याने भाड्यापोटी कधी चेक दिला होता का? चेकवर बँकेचं नाव आणि अकाउंट नंबर असतो. आणि टेक्ससच्या वकिलाला आधी फी विचारा, ४,२०० साठी १,५०० गेले तरी चालतील का हे तुम्हीच ठरवा. जजमेंट बराच काळ टिकतं, तो उद्या दुसऱ्या राज्यात गेला तर तिथे पगाराचा रस्ता उघडू शकतो.

एडिसनकर
सगळ्यांचे मनापासून आभार, मंजूताई तुमचं वाचून धीर आला. सबुरी, सुरुवातीचे तीन महिने तो चेकच द्यायचा आणि मी फोनवरून डिपॉझिट करायचो, त्यामुळे माझ्या बँकेच्या ॲपमध्ये फोटो असायला हवेत, आज रात्रीच शोधतो. सोमवारी कोर्टात कॉपीसाठी अर्ज टाकतोय. डॅलस भागात अशी छोटी केस घेणारा वकील कोणाच्या ओळखीत असेल तर मेसेज करा प्लीज.