निक्सओएसवर मॅट्रिक्सचे स्टिकर: अपलोड बिल्डमध्येच बसवता येईल का?

नमस्कार मंडळी,

घरच्या जुन्या लॅपटॉपवर निक्सओएस (सगळी सिस्टम कॉन्फिग फाइलींवरून बांधणारं लिनक्स) आणि त्यावर सिनॅप्स (मॅट्रिक्स चॅटचा सर्व्हर) चालू आहे, घरचे सगळे एलिमेंट या मॅट्रिक्स ॲपवर बोलतात. भाचीने आईचे २३ स्टिकर काढून दिलेत. एकात चष्मा कपाळावर, खाली "माझा चष्मा पाहिलास का?" (आईने स्वतः तो दिवसातून पाचदा पाठवायचं ठरवलंय, म्हणून घाई.)

स्टिकर निवडायचा पिकर मॉनियमचा. त्या नुसत्या स्थिर फाइली, डिरिव्हेशन (निक्सची बिल्ड-कृती) करून एनजिनएक्स वेबसर्व्हरमागे लावल्या, झालं. घोडं अडलंय चित्रांपाशी. त्याची स्टिकर-पॅक स्क्रिप्ट प्रत्येक चित्र होमसर्व्हरवर (म्हणजे सिनॅप्सवर) चढवते आणि मिळालेला एमएक्ससी पत्ता (चित्राचा मॅट्रिक्सवरचा पत्ता) पॅकच्या जेसन फाइलीत लिहिते. निक्स ज्या बंदिस्त सँडबॉक्समध्ये बिल्ड करतं त्याला नेटवर्कच नसतं, बिल्ड तिथेच आपटतो. सँडबॉक्स बंद केल्यावर चाललं, पण ॲक्सेस टोकन (खात्याची गुप्त किल्ली) निक्स स्टोअरमध्ये, म्हणजे बिल्ड झालेलं सगळं साठतं तिथे, जाऊन बसलं, तेही मशीनवरच्या कुणालाही वाचता येईल असं! लगेच रद्द केलं.

शिवाय पिकरमध्ये नुसत्या रिकाम्या चौकटी. पाठवल्यावर मात्र चित्र नीट दिसतं. चित्रं गिटमध्ये, बाकी सगळं कॉन्फिगमध्ये, असं कुणी जमवलंय का?

उत्तर:
अपलोड बिल्डमध्ये कोंबू नका हो. पत्ता सर्व्हर ठरवतो, तो आधी कळणार कसा? सिस्टमडीची वनशॉट (एकदा चालून थांबणारी) सर्व्हिस करा, सिनॅप्सनंतर चालणारी. टोकन सॉप्स-निक्सने (गुपितं एन्क्रिप्ट करून ठेवणारं साधन) द्या, जेसन व्हार-लिब फोल्डरमध्ये लिहू द्या आणि एनजिनएक्सला पॅकचा फोल्डर तिथून वाचायला सांगा. जुनं जेसन जागेवर असेल तर स्क्रिप्ट चित्राचा हॅश (फाइलीवरून काढलेला ठसा) बघून आधीचाच पत्ता वापरते, दर रीबूटला २३ चित्रं पुन्हा चढत नाहीत.

चौकटींचं कारण वेगळं. सिनॅप्स १.१२० पासून नव्या मीडियाला ऑथेंटिकेशन (टोकन दाखवून ओळख पटवणं) आपोआप सक्तीचं आहे. तुमचा पिकर टोकनशिवाय थंबनेल (स्टिकरची छोटी चित्रं) मागत असणार. थंबनेल स्थिर फाइली म्हणून स्वतःच्या एनजिनएक्सवरून द्या. ती सक्ती सेटिंगमधून बंद करता येते, पण तेवढ्यासाठी करू नये.

धागाकर्ता:
वनशॉट चालली, आभार! थंबनेल आज रात्री. एक शंका: लॅपटॉप मेला आणि कॉन्फिगवरून नवा उभा केला, तर जुन्या चॅटमधले स्टिकर?

उत्तर:
मीडिया स्टोअर आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप असेल तरच. ते निक्स परत आणत नाही.