घाटासाठी हेडलाइट: वळणारे, कॉर्नरिंग की मॅट्रिक्स? आणि एएफएसचा दिवा लुकलुकतोय

कोकणवाट
रात्री आंबोली घाटातून नियमित जा-ये आहे. जुनी, झेनॉन हेडलाइटची सेडान घ्यायचा विचार आहे. जाहिरातीत 'अ‍ॅडॅप्टिव्ह' म्हटलंय, दुसऱ्या एका गाडीच्या जाहिरातीत 'कॉर्नरिंग'. दोन्ही एकच का? शिवाय पाहिलेल्या गाडीत मीटरवर एएफएसचा दिवा लुकलुकतो आणि डिपरचा (लो बीमचा) उजेड फारच जवळ पडतो. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही हेडलॅम्प बदलावे लागतील. हे खरं असेल का?

दिवेलागण
एकच नाहीत. घाटासाठी तर हा फरक फार मोठा आहे.

एएफएस म्हणजेच जाहिरातीतलं 'अ‍ॅडॅप्टिव्ह'. त्यात हेडलॅम्पच्या आतला प्रोजेक्टर (झोत पाडणारं भिंग)च छोट्या मोटरवर डावी-उजवीकडे फिरतो. स्टिअरिंगचा कोन, चाकांचा वेग आणि गाडी किती झपाट्याने वळतेय, या तिन्हींवरून किती फिरायचं ते ठरतं. वळणाच्या आतल्या बाजूचा दिवा साधारण १५ अंशांपर्यंत जातो, बाहेरच्या बाजूचा त्याच्या निम्माच. दोन्ही सारखे फिरले तर समोर काळोख पडेल.

आता हिशोब करा. वळणाची त्रिज्या ६० मीटर असेल, तर रस्त्यावरची ३० मीटर पुढची जागा गाडीच्या नाकाच्या रेषेपासून साधारण साडेचौदा अंश बाजूला असते. म्हणजे १५ अंश जेमतेम पुरले. पण हेअरपिनची (उलट फिरणाऱ्या अरुंद वळणाची) त्रिज्या १५ मीटर धरली, तर अवघ्या १५ मीटरवरची जागासुद्धा ३० अंश बाजूला जाते. तिथे एएफएस पूर्ण फिरूनही उजेड कठड्यावर नाहीतर दरीत पडतो. लांब, मोकळ्या वळणांवर मात्र एएफएससारखं सुख नाही.

कॉर्नरिंग दिवा जागचा हलत नाही. हेडलॅम्पमधला वेगळा रिफ्लेक्टर किंवा त्या बाजूचा फॉगलॅम्प असतो, आणि तो बाजूला, रुंद आणि जवळ उजेड टाकतो. डिपर चालू असताना स्टिअरिंग बरंच फिरलं किंवा इंडिकेटर दिला की लागतो, वेग साधारण ४० किलोमीटरच्या वर गेला की विझतो. हेअरपिन १५-२० च्या वेगानेच घेतो आपण, त्यामुळे तिथे खरा कामाचा हाच. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स टाकल्यावर दोन्ही बाजूंचे लागतात. मात्र फॉगलॅम्पच कॉर्नरिंगचं काम करत असेल आणि धुक्यात तुम्ही दोन्ही फॉग लावून ठेवले असतील, तर वळणावर वेगळं काही होणार नाही, कारण दिवे आधीच चालू आहेत.

वळणाऱ्या दिव्याची कल्पना जुनी आहे. १९४८ च्या टकर गाडीत मधला तिसरा दिवा स्टिअरिंगबरोबर वळायचा, आणि १९६७ पासून सित्रोएन डीएसमध्ये आतले दोन दिवे तारांनी स्टिअरिंगला जोडलेले होते. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर!

तारजोड
+१. बिघाडाबद्दल लिहितो. 'दोन्ही हेडलॅम्प बदला' हे शेवटचं उत्तर असायला हवं, पहिलं नाही.

उजेड जवळ पडतो आणि दिवा लुकलुकतो, या जोडीवरून पहिला संशय उंचीच्या सेन्सरवर जातो. तो सस्पेन्शनच्या आर्मजवळ बसतो, काही गाड्यांत फक्त मागे, काहींत पुढे-मागे दोन्हीकडे. डिकीत वजन भरलं, मागचा भाग बसला की दिवे खाली आणायचं काम त्याच्या निरोपावर होतं. सेन्सर आणि आर्म यांना जोडणारी बोटभर लिंक असते, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. चिखल, गंज, खड्डे यांनी ती अडकते किंवा तुटते. निरोप चुकीचा आला की समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून यंत्रणा दिवे खाली आणून ठेवते. म्हणूनच उजेड जवळ पडतो.

गाडी लिफ्टवर घेऊन आधी ती लिंक बघा. धड असेल तर मल्टीमीटर लावा. बहुतेक सेन्सरना तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. इग्निशन चालू ठेवून लिंक सोडवा, सेन्सरचा दांडा हाताने हळूहळू वर-खाली करा. सिग्नलचा व्होल्टेज सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा शून्यावर गेला तर सेन्सर गेला. ५ व्होल्टच येत नसतील तर वायरिंग किंवा कनेक्टर तपासा.

मीटरवर ईएसपीचा (गाडी घसरताना सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लागला असेल, तर मात्र रोख स्टिअरिंग अँगल सेन्सरकडे वळवा. अलाइनमेंट करताना स्टिअरिंग काढून सरळ बसवलं किंवा बॅटरी काढली, की त्याचा शून्य हरवू शकतो. काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन थोडं अंतर सरळ चालवलं की जमतं, बाकीच्यांना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो.

हेडलॅम्पची मोटर तपासायला संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा आणि डिपर लावून इंजिन चालू करा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही दिवे एकदा खाली जाऊन, थोडे हलून जागेवर येतात. एकच बाजू निपचित राहिली तर त्या बाजूची मोटर किंवा कनेक्टर. काचेच्या आत पाणी साचलंय का तेही बघा, कारण लॅम्पखाली बसवलेल्या मॉड्यूलच्या (दिवा चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या) पिना त्यानेच गंजतात. काचेवरची नुसती वाफ, जी दिवे तापल्यावर जाते, तिची काळजी नको. आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून दिवे वळले नाहीत म्हणून बिघाड समजू नका. बहुतेक गाड्यांत चाकं फिरल्याशिवाय ते वळत नाहीत.

रातकिडा
मॅट्रिक्सचा प्रश्न राहिला. त्यात आरशामागचा कॅमेरा समोरचे दिवे ओळखतो आणि अप्परच्या झोतातला तेवढाच तुकडा विझवतो. २०१३ च्या ऑडी ए८ मध्ये प्रत्येक लॅम्पला असे २५ एलईडी होते. महामार्गावर उत्तम. पण कॅमेऱ्याला दिसतो तो दिवा. चिखलाने झाकलेले टेललॅम्प, बिनदिव्याची सायकल, पायी चालणारा माणूस यांच्यासाठी झोत कापला जात नाही. दुभाजकावरच्या झुडपांआड ट्रकचे दिवे लपतात, ड्रायव्हर मात्र उंचावर बसलेला असतो आणि पूर्ण अप्पर त्याच्या डोळ्यांत जातो. अशा ठिकाणी हाताने डिपर द्याच. पुढची काच बदलली असेल, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालंय का हे विचारून घ्या.

आणखी एक. कॉर्नरिंगवाल्या फॉगलॅम्पमध्ये बाजारचे एलईडी टाकू नका. दिवा हळूहळू उजळावा म्हणून त्याला करंट तुकड्यातुकड्यांनी मिळतो, त्यावर एलईडी फडफडतात. शिवाय ५५ वॅटच्या बल्बला साधारण साडेचार अँपिअर लागतात. एलईडी फार कमी घेतो, म्हणून 'बल्ब गेला' असा इशारा येतो. १०० वॅटचा तर मुळीच नको, रिफ्लेक्टर वितळतो.

कोकणवाट
मनापासून आभार! गाडी लिफ्टवर घेऊन बघितली. मागची लिंक खालच्या बॉल जॉइंटपाशी तुटलीय. फक्त लिंक बदलली तर चालेल?

तारजोड
त्याच लांबीची असेल तर बऱ्याचदा चालतं. लांबी कमी-जास्त करता येणारी लिंक घेतली, किंवा सेन्सर वा आर्म सैल केला, तर स्कॅनरवर बेसिक सेटिंग (सेन्सरची मूळ पातळी नव्याने ठरवणं) करावंच लागेल. त्याआधी टायरमधली हवा बरोबर हवी, डिकी रिकामी, गाडी सपाट जमिनीवर. मग १० मीटरवरच्या भिंतीवर डिपरची कडा (उजेड जिथे संपतो ती रेषा) लॅम्पच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. लॅम्प जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर कडा ५५ वर. आपल्याकडे तिचा चढता भाग डावीकडे असायला हवा. तो उजवीकडे दिसला तर लॅम्प रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशातल्या गाडीचा बसवलाय, ती गाडी घेऊ नका.