'राजकारण' आणि 'राजकारणी': नक्की अर्थ काय धरायचा?

अरुण साधूंची 'सिंहासन' परत वाचतोय आणि एका शब्दापाशी अडकलोय. आमची आजी तिच्या एका चुलत जावेबद्दल कायम म्हणायची, "ती भारी राजकारणी हो", आता त्या बाई आयुष्यात कधी ग्रामपंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, पण कुणाच्या कानात कधी काय घालायचं ते त्यांना बरोबर कळायचं. कादंबरीत मुख्यमंत्री जिवाजीराव आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे तरी वेगळं काय करतात, फक्त वाड्याच्या जागी मंत्रिमंडळ आहे. मग शब्दाचा मूळ अर्थ कुठला, राज्यकारभार की डावपेच? आणि हिंदीत राजनीति, मग आपल्याकडे 'कारण' कुठून आलं?

*

इथे 'कारण' म्हणजे काम, प्रयोजन. 'आयुष्य कारणी लागलं' म्हणतो ना, त्यातलं. अर्थकारण, समाजकारण यातही तेच. आणि डावपेचाची छटा आत्ताची नाही बरं का, दासबोधात अकराव्या दशकातच आहे, 'राजकारण बहुत करावें । परंतु कळोंच नेदावें'. म्हणजे गुप्तपणा तेव्हापासून या शब्दात आहे. पण त्याच ओवीत पुढे समर्थ सांगतात की मनात परपीडा नसावी, आणि मला ही अट फार महत्त्वाची वाटते, कारण आज आपण 'यात राजकारण आणू नका' म्हणतो तेव्हा ती अट सुटलेलं राजकारणच डोळ्यासमोर असतं.

*

'राजकीय' आणि 'राजकारणी' पण वेगळे धरा. राजकीय कादंबरी म्हणतो, राजकारणी कादंबरी कोणी म्हणत नाही. राजकीय हे क्षेत्र झालं, राजकारणी हा स्वभाव. 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस बघा (१९७९च्या सिनेमात निळू फुले), दिवसरात्र मंत्र्यांच्यात वावरतो, सगळ्यांच्या खेळी ओळखतो, तरी त्याला राजकारणी म्हणवत नाही. स्वतःसाठी तो एकही सोंगटी हलवत नाही. साधूंनी हा माणूस मध्ये ठेवलाय म्हणूनच बाकीच्यांची भीती आणि हाव इतकी जवळून दिसते असं मला वाटतं.

*

पटलं, मग आजीचा शब्द अचूकच होता. ती दुसऱ्या एकीला 'कळलावी' म्हणायची, तेव्हा मला दोन्ही एकच वाटायचं. पण कळलाव्या माणूस भांडण लावून देतो आणि मजा बघत बसतो, राजकारणी माणसाला त्या भांडणातून काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. त्या चुलत जावेला विहिरीकडची जमीन हवी होती, आणि ती मिळालीसुद्धा.