डीएफ म्हणतं डिस्क फुल, डीयूमध्ये निम्मंसुद्धा दिसत नाही, 23 जीबी गेले कुठे?

कोकणकडा_71:
नमस्कार मंडळी, उबंटू सर्व्हर आहे, 40 जीबीची डिस्क, आमच्या वाचनालयाचं पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं. सकाळपासून डेटाबेस काही लिहूनच घेत नाहीये, डिस्कची जागा दाखवणारं डीएफ -एच मारलं तर 38 वापरलेले, उरलेले शून्य, 100 टक्के. काल रात्रीच ॲपची भलीमोठी लॉग फाइल (ॲप स्वतःच्या नोंदी लिहितं ती) आरएम करून उडवली तरी ही गत. एसएसएचनेच, म्हणजे दुरून फक्त कमांड टाइप करत आत जातो, तर जागा नेमकी कशाने खाल्लीय ते कमांडने कसं शोधायचं? आणि 38च वापरलेत तर 2 शिल्लक का नाहीत? 5 वाजता वाचनालय उघडतं, त्याआधी झालं तर फार बरं होईल.

पाटी_पेन्सिल:
रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या / फोल्डरपासून खाली उतरत जा, डीयू फोल्डरांची साइज मोजतं.

सुडो डीयू -एक्सएच -डी1 / | सॉर्ट -एच

सगळ्यात जड फोल्डर तळाला येतात, मग त्यात शिरून परत तेच. एक्स विसरू नका, नाहीतर जोडलेल्या बाकीच्या डिस्कपण मोजत बसेल, आणि सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं) हवंच, त्याशिवाय परवानगी नसलेल्या फोल्डरांच्या आत ते जाऊ शकत नाही. एनसीडीयू, डीयूचंच यादी दाखवणारं रूप, आधीपासून असेल तर अजून सोपं, बाणांनी आतबाहेर करता येतं. ते 2 जीबी म्हणाल तर ईएक्सटी4 फाइलसिस्टिम बनवताना 5 टक्के जागा रूट यूजरसाठी, म्हणजे ॲडमिनसाठी राखली जाते, 40 चे 5 टक्के.

कोकणकडा_71:
केलं. व्हार फोल्डरमध्ये 9 जीबी, यूएसआरमध्ये 4, बाकी किरकोळ, एकूण 15. मग 38 कुठून आले?? 23 चा हिशेबच लागत नाहीये

तिसरा_प्रहर:
काल उडवलेली लॉग फाइलच असणार. लिनक्समध्ये आरएमने फक्त नाव जातं, ज्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) फाइल उघडून ठेवलीय ती सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. डीयू फोल्डरांमधून नावं बघत फिरतं, त्याला ती दिसणार कशी, डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतं म्हणून तिथे मोजली जाते. उघड्या पण नाव उडालेल्या फाइली दाखवणारं सुडो एलएसओएफ +एल1 मारा, +नंतरचा एल कॅपिटल, आणि शेवटी डिलीटेड लिहिलेल्या ओळींची साइज बघा. ज्या प्रोसेसचं नाव असेल तेवढीच सर्व्हिस रीस्टार्ट करा, अख्खा सर्व्हर बंद करू नका.

कोकणकडा_71:
सापडली! जावाच्या प्रोसेसने धरून ठेवलेली, साइज 24 अब्ज बाइटच्या वर. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि डीएफ 40 टक्क्यांवर आलं, डेटाबेसपण चालू झाला. मनापासून आभार दोघांचे, सकाळपासून जीव टांगणीला लागला होता

पाटी_पेन्सिल:
वा! पुढच्या वेळी चालू ॲपचा लॉग आरएम नका करू, ट्रंकेट -एस 0 आणि फाइलचं नाव, म्हणजे फाइल तीच राहते, आतलं रिकामं होतं. आणि जुने लॉग आपोआप आवरणाऱ्या लॉगरोटेटमध्ये त्या लॉगसाठी कॉपीट्रंकेट (कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करणं) लावून टाका, आजच, नाहीतर काही महिन्यांनी परत इथेच याल.